थायरॉइड काढल्यानंतरची गोळी : लॅबची ‘नॉर्मल’ रेंज तुमच्यासाठी नाही

पत्र :

डॉक्टर, नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातल्या एका गावात राहते. वय ४१, वजन ६२ किलो. गेल्या वर्षी गळ्याला गाठ आली, तपासात पॅपिलरी कॅन्सर निघाला. ऑपरेशन करून थायरॉइड पूर्ण काढली. मानेतल्या सात गाठींतही कॅन्सर होता. मग मुंबईला आयोडीनचा डोस झाला. तेव्हापासून थायरॉक्सिनची १२५ची गोळी चालू होती. अडीच महिन्यांपूर्वी इथेच रक्त तपासलं तर टीएसएच ०.१८ आला, पुढे खाली जाणारा बाण. तालुक्याच्या डॉक्टरांनी ‘डोस जास्त होतोय’ म्हणून गोळी ७५ केली. हात दुखतात म्हटल्यावर कॅल्शियम दिलं, जळजळीसाठी आणखी एक गोळी दिली. मी तिन्ही सकाळी एकदमच घेते, वर चहा. त्यानंतर अंग जड झालं, केस गळायला लागले. मेडिकलवाल्याने केसांसाठी बायोटिनची गोळी दिली. परवा मुंबईला दाखवलं तर टीएसएच ६.८. तिथले डॉक्टर रागावले, ‘गोळी कमी करायला कुणी सांगितलं?’ परत १२५ लिहून दिली, पण का ते सांगायला त्यांना वेळ नव्हता.

आता मला झोप नाही. एवढ्या दिवसांत कॅन्सर परत आला असेल का? ही गोळी कॅन्सरची आहे की थायरॉइडची? माझी जाऊ हीच गोळी ५०ची घेते, तिला तर कॅन्सर नाही. सासूबाई म्हणतात, हार्मोनची गोळी जन्मभर खाल्ली की हाडं पोकळ होतात, काढा घे आणि हळूहळू सोड. आयोडीन झाल्यापासून मी सैंधव मीठच खाते, कोबी-फ्लॉवर बंद आहे. आणि माझ्या मुलीलाही हे होईल का?

उत्तर :

ताई,

आधी झोप उडवणाऱ्या प्रश्नाचं उत्तर. अडीच महिने टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन, वर राहिला, तेवढ्या कारणाने कॅन्सर परत आला असेल असं मनात आणू नका. आठवून पाहा, मुंबईला किरणोत्सारी आयोडीन द्यायच्या आधी तीन-चार आठवडे तुमची गोळी पूर्ण बंद ठेवली होती का? बऱ्याच जणांना ठेवायला सांगतात. त्या दिवसांत चेहरा सुजल्यासारखा झाला असेल, थंडी वाजली असेल, आवाज जड झाला असेल. ते मुद्दाम केलेलं असतं. टीएसएच ३०च्या वर गेला की उरल्यासुरल्या थायरॉइडच्या पेशी आयोडीन चांगलं ओढून घेतात, म्हणून. काही जणांना गोळी बंद न करता दोन इंजेक्शनं देतात, त्यातही तेवढ्या दिवसांपुरता टीएसएच असाच चढवलेला असतो. म्हणजे ६.८च्या कितीतरी पुढचा आकडा तुमच्या शरीराने उपचाराचा भाग म्हणून आधीच सोसला आहे.

गोळी कमी पडली हे बरं झालं नाही. ते दुरुस्त व्हायला हवं होतं, आणि मुंबईच्या डॉक्टरांनी १२५ लिहून ते केलं आहे. आजपासून तीच घ्या. कॅन्सर आहे की नाही, हे मात्र टीएसएच सांगतच नाही. त्यासाठी थायरोग्लोब्युलिन, म्हणजे थायरॉइडच्याच पेशी बनवतात ते प्रथिन बघतात, रिपोर्टवर ‘टीजी’ म्हणून असतं ते, आणि मानेची सोनोग्राफी करतात. टीएसएच फक्त एवढंच सांगतो की गोळी पुरेशी आहे की नाही.

आता गोळी कॅन्सरची की थायरॉइडची? दोन्हींची. ही गोष्ट ऑपरेशनच्या वेळीच, घरच्यांना समोर बसवून, कुणीतरी तुम्हाला सांगायला हवी होती असं मला मनापासून वाटतं. टाके कधी काढायचे, आवाज कधी सुधारेल, आयोडीनच्या खोलीत काय न्यायचं, हे सगळं पेशंटला सांगितलं जातं. जी गोळी उरलेलं आयुष्य रोज घ्यायची, तिच्याबद्दल मात्र ‘सकाळी अनशापोटी एक’ एवढ्यावर बोलणं संपतं. मग पुढच्या प्रत्येक रिपोर्टला, प्रत्येक नव्या डॉक्टरपाशी पेशंट गोंधळतो. तुमचं तेच झालं.

थायरॉइड ग्रंथी जे हार्मोन बनवते त्यात मुख्य असतं थायरॉक्सिन, म्हणजे टी-४. शरीर त्यातून लागेल तसं टी-३ करून घेतं. हृदयाचे ठोके, अंगातली ऊब, पोट साफ होणं, पाळी, मन लागणं, सगळ्याला ते लागतं. गोळीत आहे ते हेच टी-४, तुमची ग्रंथी करत होती अगदी तसंच. तुमची ग्रंथी काढली, म्हणून ते बाहेरून द्यायचं. हे गोळीचं पहिलं काम. याला केमो म्हणत नाहीत, आणि लोक ‘स्टेरॉइड’ म्हणून ज्याला घाबरतात तेही हे नाही.

दुसरं काम कॅन्सरचं. मेंदूच्या तळाशी पिट्युटरी नावाची लहानशी ग्रंथी आहे. रक्तात थायरॉक्सिन कमी पडलं की ती टीएसएच सोडते, आणि टीएसएच थायरॉइडच्या पेशींना कामाला लावतो, वाढायलाही लावतो. पॅपिलरी कॅन्सरच्या पेशी थायरॉइडच्याच पेशींतून निघालेल्या, त्यामुळे त्यादेखील टीएसएचचं ऐकतात. शेताला खत टाकलं की पिकाबरोबर तणही फोफावतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. तुमच्या गळ्यात आता पीक राहिलेलं नाही. एखादं तण मातीत राहिलंच असेल तर त्याला खत मिळू नये, म्हणून टीएसएच खाली ठेवायचा. त्यासाठी थायरॉक्सिन गरजेपेक्षा किंचित जास्त द्यायचं, म्हणजे पिट्युटरी गप्प बसते.

हिशेब करून बघा. ग्रंथी काढलेल्या माणसाला नुसती गरज भागवायला वजनाच्या दर किलोमागे साधारण १.६ मायक्रोग्रॅम लागतं. तुमच्या ६२ किलोला ते १००च्या आसपास येतं. टीएसएच दाबून ठेवायचा तर किलोमागे सुमारे २, म्हणजे १२५च्या जवळ. तुमची १२५ची गोळी विचार करून दिलेली होती, आणि ७५मध्ये तर रोजची गरजही भागत नव्हती. अंग जड होणं, केस गळणं त्यातूनच आलं. तुमच्या जावेच्या गळ्यात तिची ग्रंथी अजून आहे, थोडीफार काम करते आहे. तिला जेवढं कमी पडतं तेवढं ५०ची गोळी भरून काढते, आणि तिचा टीएसएच मुद्दाम खाली न्यायचं काही कारण नाही. बाटली तीच असली तरी दोघींचे आकडे एकमेकींच्या रिपोर्टशी ताडून बघू नका.

इथूनच त्या बाणाकडे येऊ. लॅबच्या कागदावर टीएसएचची नॉर्मल रेंज साधारण ०.४ ते ४.५ अशी छापलेली असते, लॅबप्रमाणे थोडी इकडेतिकडे. ती निरोगी थायरॉइड असलेल्या माणसांची. तुमचा ०.१८ त्याच्या खाली गेला म्हणून कॉम्प्युटरने बाण छापला. तुमचं ऑपरेशन झालंय, मानेतल्या सात गाठी बाधित होत्या, हे त्याला कुठून कळणार? अमेरिकन थायरॉइड असोसिएशनने २०१५ साली घालून दिलेला आणि आपल्याकडेही बरेच डॉक्टर धरत आलेले हिशेब असा : कॅन्सर परत येण्याचा धोका जास्त असेल तर सुरुवातीला टीएसएच ०.१च्याही खाली, मध्यम असेल तर ०.१ ते ०.५, कमी असेल तर बहुतेक वेळा ०.५ ते २. पाचाहून जास्त गाठी बाधित असलेल्या पेशंटला सहसा मध्यम गटात धरतात. तसं असेल तर तुमचा ०.१८ बरोबर जिथे हवा तिथेच होता. तुमचा नेमका गट तुमचे मुंबईचे डॉक्टर पॅथॉलॉजीचा पूर्ण रिपोर्ट बघून सांगतील. पुढच्या वेळी त्यांना एकच प्रश्न विचारा, बाकी वेळ मिळाला नाही तरी चालेल : ‘डॉक्टर, माझा टीएसएच कितीपासून कितीपर्यंत हवा? तेवढं फाइलवर लिहून द्या.’ हे लिहायला त्यांना अर्धा मिनिट लागतो. तुमची पुढची कित्येक वर्षं त्याने सोपी होतील.

तालुक्याच्या डॉक्टरांवर राग धरू नका. त्यांच्याकडे रोज येणाऱ्या थायरॉइडच्या पेशंटला ०.१८ आला असता तर डोस कमी करणं योग्यच ठरलं असतं. त्यांच्यासमोर फक्त कागद होता, तुमचा आकडा नव्हता. ते तुमच्या जवळ आहेत, ताप आला, छातीत धडधडलं तर तुम्ही त्यांच्याकडेच धावणार. म्हणून मुंबईचा तो कागद मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा, एक झेरॉक्स त्यांच्याकडे द्या, आणि तोंडानेही सांगा : ‘माझी थायरॉइड कॅन्सरसाठी काढली आहे. टीएसएच मुद्दाम कमी ठेवलाय. गोळी बदलायची तर मुंबईला फोन करून बदलू.’ दातांच्या, डोळ्यांच्या, बायकांच्या, कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी हे सांगायचं. डोस ठरवणारा माणूस एकच असू द्या.

सासूबाईंचं म्हणणं निराधार नाही, म्हणून त्यांना उडवून लावू नका. टीएसएच वर्षानुवर्षं ०.१च्या खाली राहिला तर पाळी गेलेल्या बायकांची हाडं विरळ होऊ शकतात, आणि वय वाढेल तसा हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो. म्हणूनच डॉक्टर प्रत्येकाचा टीएसएच सरसकट शून्याजवळ नेत नाहीत. वय, हाडं, हृदय आणि कॅन्सरचा धोका यांचा मेळ घालून आकडा ठरतो. तुमचं वय ४१ आहे. पाळी चालू असेल आणि टीएसएच ०.१ ते ०.५मध्ये राहिला तर हाडांची काळजी आज फारशी नाही. पाळी जायच्या सुमाराला हा विषय पुन्हा काढा, तेव्हा हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन करून घेता येतो. तोवर दूध, दही, नाचणी, तीळ जेवणात असू द्या, व्हिटॅमिन डी एकदा तपासा, रोज चाला.

आणि सासूबाईंना हेही सांगा, कारण हे फार कमी पेशंटना माहीत असतं : गोळी जन्मभराची असली तरी टीएसएच इतका खाली ठेवणं जन्मभराचं नसतं. उपचारांनंतर वर्षा-दोन वर्षांनी डॉक्टर हिशेब पुन्हा मांडतात. गोळी चालू असताना टीजी ०.२च्या खाली, टीजीच्या अँटीबॉडी नाहीत, सोनोग्राफी स्वच्छ, असं असेल तर मध्यम धोक्याच्या पेशंटचाही टीएसएच ०.५ ते २पर्यंत येऊ देतात. तेव्हा तुमची १२५ कदाचित ११२ होईल, कदाचित १००. ती कमी झालेली बघून घाबरायचं नाही, ती चांगली बातमी असते. फक्त ती मुंबईच्या डॉक्टरांच्या हातून कमी झालेली असावी.

पण पूर्ण सोडणं? ते कधीच नाही. इथे मी कुणाचाही मान ठेवून मवाळ बोलणार नाही. थायरॉइड नसलेल्या माणसाला गोळीविना काय होतं, हे वैद्यकाने फार पूर्वी बघितलं आहे. स्वित्झर्लंडमधल्या बर्नचे सर्जन थिओडोर कोखर गलगंडासाठी पूर्ण थायरॉइड काढत. ऑपरेशनं उत्तम होत, आणि पेशंट मात्र पुढे मंद, सुजलेले, थंडीने गारठलेले असे होऊन जात. १८८३मध्ये त्यांनी स्वतःच हे जाहीर केलं आणि साध्या गलगंडासाठी पूर्ण ग्रंथी काढणं थांबवलं. थायरॉइडवरच्या कामासाठी १९०९मध्ये त्यांना नोबेल मिळालं. १८८३च्या सुमाराला मात्र अशा पेशंटना देण्यासारखं काही हातात नव्हतं. १८९१मध्ये इंग्लंडच्या न्यूकॅसलमध्ये जॉर्ज मरे यांनी अशाच लक्षणांच्या एका बाईंना मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचायला सुरुवात केली, आणि त्या पुढे २८ वर्षं जगल्या. १९१४मध्ये अमेरिकेत एडवर्ड केंडल यांनी थायरॉक्सिन शुद्ध रूपात वेगळं केलं. आज मेडिकलच्या काउंटरवर परवडणाऱ्या भावात मिळणारी ही बाटली अशी इथवर आली आहे.

कांचनार असो की आणखी कुठला काढा, जिथे ग्रंथीच नाही तिथे तो हार्मोन करू शकत नाही. घरातली माणसं प्रेमाने सांगतात, हे मला कळतं. अडचण अशी की गोळी सोडली की पहिला आठवडाभर काहीच वाटत नाही. थायरॉक्सिन रक्तात निम्मं व्हायलाच सुमारे सात दिवस लागतात. त्यामुळे माणसाला वाटतं, बघा, गोळीशिवाय चाललंय की. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात अंग ओढायला लागतं, बद्धकोष्ठ होतं, विचार संथ होतात. असंच पुढे चालू राहिलं तर बेशुद्धीपर्यंत आणि जिवावर बेतण्यापर्यंत जाऊ शकतं. शिवाय एवढा काळ टीएसएच मोकाट राहतो ते वेगळंच.

याच सात दिवसांच्या हिशेबामुळे एखाद्या दिवशी गोळी राहिली तर घाबरून जाऊ नका. त्याच दिवशी आठवली आणि जेवून दोन-तीन तास झाले असतील तर घेऊन टाका. दुसऱ्या दिवशी आठवली तर काही डॉक्टर दोन घ्यायला सांगतात, काही नको म्हणतात. तुमच्या डॉक्टरांना हे आधीच विचारून ठेवा. डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनीच रक्त तपासायचं तेही यासाठीच. पंधरा दिवसांत तपासलं तर आकडा अर्ध्या वाटेवरचा येतो आणि त्यावरून पुन्हा डोस हलवला जातो.

तुम्ही गोळी कशी घेता, यात मला सगळ्यात जास्त दुरुस्ती करावीशी वाटते. थायरॉक्सिनबरोबर कॅल्शियम पोटात गेलं की ते गोळीला धरून बसतं आणि हार्मोन आतड्यातून रक्तात नीट उतरत नाही. म्हणजे डोस आधी ७५ झाला आणि त्यातलाही पूर्ण अंगी लागला नाही. ६.८ला ही दोन्ही कारणं मिळून आली असणार. कॅल्शियम आणि लोहाची गोळी यांच्यात आणि थायरॉक्सिनमध्ये चार तासांचं अंतर हवं. कॅल्शियम दुपारच्या जेवणाबरोबर घ्या, तसंही ते जेवणाबरोबर जास्त लागू पडतं. जळजळीची गोळी पोटातलं आम्ल कमी करते, त्यानेही थायरॉक्सिन कमी शोषलं जातं, आणि वेळ बदलून हा प्रश्न पूर्ण सुटत नाही. ती खरंच लागते का, किती दिवस, हे विचारा. कायमची लागणार असेल तर मुंबईच्या डॉक्टरांना कळवा, ते त्या मानाने डोस बसवतील. चहात दूध असतं, म्हणून गोळीनंतर किमान अर्धा तास, जमलं तर तासभर थांबा. शेतावरच्या घरात पहाटे उठल्या उठल्या चूल-चहा सुरू होतो हे मी जाणते. गोळी आणि पाण्याचा तांब्या उशाशी ठेवा, डोळे उघडताच घ्या. तोंड धुऊन, गोठ्यातलं काम उरकून चहापर्यंत यायला तेवढा वेळ जातोच.

हे सकाळी जमतच नसेल तर रात्री झोपतानाही गोळी चालते, जेवून किमान तीन तास झालेले असले की. एकदा ठरवलं की वेळ तीच ठेवा. एकादशीला पाण्याबरोबर गोळी घ्यायला हरकत नाही. हरतालिकेच्या निर्जळी उपवासालाही गोळी आणि तिच्यापुरतं पाणी घ्याच. देवाला हे चालतं असं मी माझ्या आजारी पेशंटना नेहमी सांगते, आणि अजून कुणी माझ्याशी वाद घातलेला नाही.

कॅल्शियम कशासाठी सुरू झालं, याकडेही बघायला हवं. नुसते हात दुखत असतील तर ते हार्मोन कमी पडल्यानेही असेल. पण ओठांभोवती, बोटांच्या टोकांना मुंग्या येत असतील, बोटं आखडत असतील, तर उद्याच रक्तातलं कॅल्शियम तपासा. थायरॉइडच्या मागे चार लहान पॅराथायरॉइड ग्रंथी असतात, त्या शरीरातलं कॅल्शियम सांभाळतात आणि ऑपरेशनमध्ये कधी कधी दुखावतात.

केसांची बायोटिनची गोळी बंद करा. ती विषारी वगैरे नाही, पण रक्ताच्या काही तपासण्यांत ती खोटे आकडे दाखवते. टीएसएच आणि टीजी आहेत त्यापेक्षा कमी दिसू शकतात. कॅन्सरच्या पेशंटचा टीजी खोटा कमी दिसणं आपल्याला मुळीच परवडणारं नाही. पुढे कधी घेतलीच तर रक्त द्यायच्या किमान दोन दिवस आधी थांबवा आणि लॅबला सांगा. थायरॉक्सिनचा डोस बसला की गळणारे केस काही महिन्यांत सावरतील.

मीठ. आयोडीनचा डोस होण्याआधी एक-दोन आठवडे साधं मीठ, मासे, दूध, अंड्यातलं पिवळं बंद ठेवतात. शरीराला आयोडीनची भूक लागावी म्हणून ते तेवढ्यापुरतं असतं. तो डोस कधीच झाला, घरच्यांबरोबर नेहमीचं आयोडीनयुक्त मीठ खा. सांगायचं कुणी विसरलं आणि तुम्ही इतके महिने सैंधवावर राहिलात. आणि कोबी-फ्लॉवर कशासाठी बंद ठेवायचा? तो टाळतात ते ग्रंथीसाठी, ती आता नाही. पोटभर खा. सोयाबीनही चालेल, फक्त गोळीच्या वेळेला नको.

बाटलीचं थोडक्यात. चुलीजवळ, खिडकीत, बाथरूममध्ये ठेवू नका, पावसाळ्यात झाकण घट्ट लावा. गोळ्या त्याच बाटलीत राहू द्या. कंपनी शक्यतो एकच ठेवा, बदलावी लागली तर सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच बघा. बाटलीवर कधी मिलिग्रॅम लिहिलेलं असतं : ०.१ मिलिग्रॅम म्हणजे १०० मायक्रोग्रॅम. वारीला किंवा माहेरी जाताना आठ दिवसांच्या जास्तीच्या गोळ्या जवळ असू द्या.

वजन वाढलंय म्हणून आपल्या मनाने गोळी वाढवायची नाही. छातीत धडधड, हात थरथरणं, घाम, झोप न लागणं, उगाच चिडचिड हे दोन-तीन आठवडे टिकलं तर डोस जास्त होत असेल, कळवा. तुमच्या बाबतीत ही शक्यता मी आत्ताच सांगून ठेवते, कारण यापुढे १२५ची पूर्ण गोळी कॅल्शियमशिवाय अंगी लागणार आहे.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी दोन शब्द. तुमचा कॅन्सर मेड्युलरी असेल तर तो वेगळ्या पेशींतून येतो, टीएसएचशी त्याचा संबंध नाही. तिथे गोळी फक्त गरज भागवण्यापुरती असते आणि टीजीऐवजी कॅल्सिटोनिन बघतात. ज्यांची निम्मीच ग्रंथी काढली आहे त्यांना कधी गोळी लागतही नाही. आणि ज्या मुलींना बाळ हवं आहे त्यांनी आयोडीननंतर किती थांबायचं ते आधी विचारावं, सहसा किमान सहा महिने सांगतात. दिवस राहिल्याचं कळताच, पहिल्या सोनोग्राफीची वाट न बघता, डॉक्टरांना गाठावं. गरोदरपणात गोळी वाढवावी लागते, आणि बाळाच्या मेंदूला सुरुवातीच्या महिन्यांत आईचंच थायरॉक्सिन मिळतं.

ताई, तुमच्या मुलीचं. पॅपिलरी कॅन्सर बहुतेकदा आईकडून मुलीकडे जात नाही. घरात आणखी कुणाला झालेला नसेल तर तिच्या गळ्याची दरवर्षी सोनोग्राफी करत बसायची गरज नाही. गळ्याला गाठ जाणवली तर मात्र लगेच दाखवा. आणि तिच्या वडिलांना, तिच्या आजीला बसवून हे पत्र वाचून दाखवा, तुम्हाला एकटीला सगळ्यांना समजावत बसावं लागू नये.

१२५ सुरू केल्यापासून सहा ते आठ आठवड्यांनी रक्त द्या. त्या दिवशी सकाळची गोळी रक्त दिल्यानंतर घ्या. टीएसएच, टीजी आणि टीजीच्या अँटीबॉडी तिन्ही एकत्र तपासायला सांगा, कारण अँटीबॉडी असतील तर टीजीच्या आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही. दर वेळी शक्यतो एकच लॅब ठेवा. रिपोर्ट हातात पडला की बाण बघू नका, मुंबईहून लिहून आणलेला तुमचा आकडा शेजारी धरून बघा. मग मला कळवा.